कोरीव लांकूड आणि त्याचें रोगण



कंधार म्हटलें म्हणजे इतिहासाची आवड असणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम दगड उभा राहतो. दहाव्या शतकांतील राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या नांवाशीं निगडित असलेलें हें कंधारपूर. खंदकानें वेढलेला तेथील किल्ला, जगत्तुंगसमुद्र असें भारदस्त नांव धारण करणारा तलाव, आणि एका अवाढव्य क्षेत्रपालमूर्तीचे सुटे सांपडलेले अवयव, हें सारें वैभव पाषाणाचें आहे. त्या पाषाणाच्या आश्रयानें राहणाऱ्या माणसांच्या घरांचे खांब, तुळया, कवाडें यांपैकीं त्या काळचें आज आपल्या दृष्टीस कांहींच पडत नाहीं. लांकडाचा इतिहास दगडाच्या इतिहासासारखा शिलालेखांवरून वाचून काढतां येत नाहीं; तो बहुधा आपल्या आजोबा-पणजोबांच्या घराच्या उंबऱ्यापासून आरंभ करून मागें शोधीत जावा लागतो.

माझ्या आजच्या भाषणास अशीच एक जुनी वस्तु निमित्त झाली आहे. कंधार येथील माझ्या एका स्नेह्यांच्या माळवदी घरांत ओसरीवरून माजघरांत जातांना दाराच्या चौकटीवर सागवानी गणेशपट्टी लागत असे. मध्यभागीं गणपति, दोहों अंगांस वेल, आणि वेलीच्या वळणांत बसलेले दोन पोपट. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव या भागांतील दगडमातीच्या जाड भिंती कोसळून त्यांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. कित्येक घरांत भिंती ढासळल्या, पण आंतला लांकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिलेला आढळला. तरीहि जुन्या पद्धतीच्या घरांवरचा लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. स्नेह्यांनीं कांहीं वर्षांनीं आपलें माळवद उतरविलें, सिमेंटचें घर बांधलें, आणि वडिलांची आठवण म्हणून ती गणेशपट्टी नव्या घराच्या दर्शनी दारावर, पश्चिमेच्या बाजूस, मोठ्या प्रेमानें बसविली. ती चकाकावी आणि टिकावी म्हणून शहरांतून आणलेल्या पारदर्शक रोगणाचे तीन हात तिच्यावर चढविले.

पहिल्या दिवाळीला ती कांचेसारखी झळकत होती. दोन पावसाळे गेल्यावर मीं ती पाहिली, तेव्हां रोगण पांढुरकें पडून त्याचे पापुद्रे सुटूं लागले होते, फटींतून पाणी शिरून लांकडावर काळे डाग उमटले होते, आणि पोपटांच्या पंखांवरच्या नाजुक रेघा साचलेल्या रोगणांत बुडून गेल्या होत्या. एका वृद्ध मिस्त्रींना बोलावून आणलें. त्यांनीं नखानें एक पापुद्रा उचकटून पाहिला आणि म्हणाले, “मालक, लाकूड उन्हाळ्यांत आटतंय, पावसाळ्यांत फुगतंय. तुमचं हे वरचं कातडं त्याच्यासंगं हालत नाही. मग ते फाटतंय, अन् आंत गेलेलं पाणी बाहेर निघत नाही.” स्नेह्यांनीं विचारलें, “मग मिस्त्री, आमच्या वडिलांनीं काय लावलं होतं?” मिस्त्री म्हणाले, “तेल. दुसरं काय?”

त्या तीन शब्दांच्या उत्तरामागें सुमारें दीड हजार वर्षांचा इतिहास आहे. लांकडाचा रंग आणि रेषा झांकल्या न जातां तें सुरक्षित राहावें, या इच्छेनें आपल्याकडे कोणकोणते उपाय झाले, आणि त्यांपैकीं कोरीव कामास कोणता मानवतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभ सर्वांत जुन्या लांकडापासून करूं. पुणें जिल्ह्यांतील कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचें आहे. त्याच्या छतास दगडांत बसविलेल्या सागवानी कमानी आहेत, आणि स्तूपाच्या माथ्यावर नक्षीदार लांकडी छत्र आहे. जवळच भाजें येथील चैत्यगृह याहून प्राचीन; तेथील लांकडी कमानींवर तर ब्राह्मी अक्षरें कोरलेलीं सांपडलीं आहेत. ज्या डोंगरांत दरसाल मुसळधार पाऊस कोसळतो, तेथें दोन हजार वर्षांच्या आसपास हें लांकूड टिकून राहिलें. याचें श्रेय कोणत्याहि लेपापेक्षां वरच्या कड्याला दिलें पाहिजे. पाऊस अंगावर येत नाहीं, ऊन थेट पोंचत नाहीं, वारा खेळता आहे. लांकडाचें पहिलें रोगण म्हणजे छप्पर, हा या लेण्यांचा धडा आहे. आणि आमच्या गणेशपट्टीची खरी दुर्दशा ती ओसरीच्या सावलींतून पश्चिमेच्या पावसांत आली त्याच दिवशीं सुरू झाली, हें आतां आपल्या ध्यानांत येईल.

लेपांविषयींची लेखी माहिती पाहावयाची तर सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेकडे वळावें लागतें. त्या ग्रंथांत ‘वज्रलेप’ या नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि पदार्थांचा काढा आटवून अष्टमांश करावा, आणि त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादि द्रव्यें घालून तो लेप ऊन असतांनाच देवालयें, वाडे, मूर्ति, भिंती यांस लावावा, असा तेथें विधि आहे. दुसरा एक पाठ लाखेपासून आरंभ होतो. हा लेप केवळ लांकडासाठीं नव्हे, आणि त्याला पारदर्शक म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांतील तीन पदार्थांकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों: जवस, राळ आणि लाख. वाळणारें तेल, झाडाचा चीक आणि कीटकाचा चीक. पुढील चौदाशें वर्षें लांकडाची झिलई प्रायः या तिघांभोंवतींच फिरत राहिली.

त्यांपैकीं लाखेची कीर्ति मोठी. महाभारतांतील जतुगृहाची कथा घरोघर ठाऊक आहे. लाख भडकन् पेटते, हें ज्ञान त्या कथेइतकेंच जुनें आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर राहणारा एक बारीक कीटक ही राळ स्रवतो. ती उकळत्या पाण्यापेक्षांहि कमी उष्णतेंत मऊ होते, आणि हाच तिचा गुण कारागिरांनीं हेरला. यान ह्यूखेन व्हान लिन्स्कोटेन नांवाचा एक डच गृहस्थ १५८३ सालापासून कांहीं वर्षें गोव्यास आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस होता. १५९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें येथील खरादकामाचें वर्णन दिलें आहे. लांकूड चरकावर फिरत असतां रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरावयाची, घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडाच्या खांचांत भरते, आणि मग सुक्या गवतपात्यानें घासून ती आरशासारखी करावयाची. सावंतवाडीचे रंगीत लांकडी जिन्नस ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही क्रिया परकी वाटणार नाहीं.

परंतु येथेंच एक अडचण आहे. चरकावर फिरतें तें गोल लांकूड. पाळण्याचे खूर, पलंगाचे पाय, लाटणें, भोंवरा यांस लाखेची कांडी लावतां येते. गणपतीच्या सोंडेला आणि वेलीच्या पानाला चरकावर चढवितां येत नाहीं. यासाठीं कोरीव कामास दोन मार्ग उरले. एक, त्यावर खळ व रंग चढवून लांकूड मुळींच दिसूं न देणें. नांदेडच्या शेजारीं, पूर्वीं याच हैदराबाद संस्थानांत मोडणाऱ्या निर्मल गांवचीं खेळणीं या जातीचीं आहेत. तेथें पोणिकी नांवाचें हलकें लांकूड कोरून, चिंचोक्याच्या खळीनें सांधून, वर उठावदार रंग देतात. पोणिकीच्या अंगीं दाखविण्याजोगी रेषा नाहीं, तेव्हां हें योग्यच. दुसरा मार्ग सागवान, शिसवी यांसारख्या देखण्या लांकडासाठीं. तेथें लांकूड दिसलें पाहिजे, आणि म्हणून तेथें आलें तेल.

‘रोगण’ या शब्दाचाच इतिहास पाहा. फारसींत रोगन म्हणजे तेल किंवा तूप. आपण मराठींत त्याच शब्दाचा अर्थ चकाकी आणणारा लेप असा केला, कारण मूळचा तो लेप म्हणजे कढवून घट्ट केलेलें तेलच होय. कच्छमधील निरोणा गांवीं एरंडेल कढवून त्याच्या रंगांनीं कापडावर नक्षी काढतात, ती कला आजहि ‘रोगण’ या नांवानेंच ओळखली जाते. करडईचें तेल कित्येक तास कढवून केलेलें रोगण वायव्य सरहद्दीवरील अफ्रीदी लोक कापडाच्या नक्षीसाठीं वापरीत. मराठवाड्यांत करडई आणि जवस हीं दोन्ही पिकें घरचीं. तेव्हां ओसरीच्या खांबांस लावावयास येथील माणसाला दूर जावें लागलें नाहीं.

तेलांतेलांत मात्र भेद आहे, आणि तो न ओळखल्यानें पुष्कळ नुकसान होतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन हळूहळू घट्ट होतें. त्याची लांकडाच्या आंत आणि पृष्ठभागावर एक लवचिक राळच बनते. करडईचें तेल याहून सावकाश वाळतें, पण पिवळें कमी पडतें. खोबरेल आणि भुईमुगाचें तेल मात्र कधींच वाळत नाहीं. तें लाविलेलें लांकूड दोन दिवस सुंदर दिसतें, नंतर चिकट राहून धूळ धरतें, आणि नक्षीच्या खोलगट भागांत काळा मळ बसतो. जुन्या वाड्यांतील काळवंडलेल्या खांबांना आपण ‘जुना रंग’ म्हणून कौतुकानें पाहतों, तो पुष्कळदां दिव्यांची काजळी आणि न वाळणारें तेल यांचा संयोग असतो.

पेशवाईंत लांकडी कोरीव काम महाराष्ट्रांत भरास आलें. १७३० ते १७३२ या काळांत उभा राहिलेला शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला; त्याचा दगडी कोट राहिला, आंतील सागवानी महाल नाहींसे झाले. दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ चा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगींत कांहीं अंशीं जळाला, तरी त्याच्या दर्शनी भागाचे सुरूदार खांब आणि कोरीव सज्जा आजहि पुण्याच्या भर रस्त्यावर पाहावयास मिळतात. तेलानें लांकूड पावसापासून वांचतें, आगीपासून वांचत नाहीं, हें या दोन वाड्यांकडे पाहतांना विसरतां कामा नये.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांत फ्रेंच पॉलिश नांवाची रीति पसरली आणि ती साहेबांच्या फर्निचराबरोबर आपल्याकडे आली. गंमत अशी कीं, तिचा मुख्य पदार्थ आपलीच लाख होती. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून, कापसाच्या बोळ्यानें पातळ थरांवर थर घासून देतात. चरकावांचून लाख लावण्याची युक्ति अशी सांपडली. पुढें ग्रामोफोनच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याहि लाखेच्याच होऊं लागल्या, आणि १९२४ सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनासाठीं खास संस्था निघाली. फ्रेंच पॉलिशनें टेबलाच्या सपाट पाटीस जी शोभा येते तिला जोड नाहीं. परंतु बोळा नक्षीच्या आंत पोंचत नाहीं, आणि पाणी सांचून राहिलें कीं लाख पांढरी पडते. तिचा एक थोर गुण मात्र सांगितला पाहिजे: स्पिरिट लाविलें कीं ती पुनः विरघळते. जी चूक झाली ती दुरुस्त करतां येते.

विसाव्या शतकांत हा गुणच हरवला. प्रथम नायट्रोसेल्युलोजचीं झटपट वाळणारीं रोगणें आलीं. मग ऑटो बायर याच्या १९३७ सालच्या शोधांतून पॉलियुरेथेनचा वंश निघाला. हीं रोगणें हिणकस आहेत असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. जेवणाच्या मेजावर किंवा फळीच्या जमिनीवर, जेथें घर्षण फार, तेथें तीं उत्तम. परंतु उघड्यावरील कोरीव लांकडाशीं त्यांचें जमत नाहीं, याचीं कारणें तीन. पहिलें मिस्त्रींनीं सांगितलें तेंच: मे महिन्यांत ४० अंशांवर जाणारा कोरडा उन्हाळा आणि नंतरचा दमट श्रावण यांत लांकूड सारखें हलतें, आणि जाड कवच त्याबरोबर हलूं शकत नाहीं. दुसरें, रंगीत लेप ऊन अडवितो, पारदर्शक लेप तितकें अडवीत नाहीं. लेपाखालींच लांकडाचा वरचा थर उन्हानें जीर्ण होतो आणि लेपाचा आधार सुटतो. तिसरें कारण सागाच्या स्वतःच्या घडणीचें. ज्या नैसर्गिक तेलकट द्रव्यामुळें साग टिकतो, त्याच द्रव्यामुळें वरचें रोगण नीट वाळत नाहीं आणि घट्ट चिकटत नाहीं. शिवाय घट्ट झालेलें असलें रोगण साध्या स्पिरिटानें विरघळत नाहीं. तें काढूं गेलें तर नक्षीची कड त्याबरोबर जाण्याचें भय असतें.

तेव्हां निवड करावी कशी? माझें मत थोडक्यांत सांगतों. कोरीव वस्तूवरील लेप लांकडांत मुरणारा असावा, पातळ असावा, आणि पुढच्या माणसाला तो काढतां किंवा नवा करतां यावा. ओसरींत, उघड्या वाऱ्यावर असलेल्या खांब-चौकटीस जवसाचें तेल. देवघरांतील किंवा दिवाणखान्यांतील वस्तूस तेल व मेण, किंवा चपडा लाखेचा एकच पातळ हात व त्यावर मेण. आणि पावसाच्या थेट माऱ्यांत कोरीव वस्तु ठेवूंच नये.

लावण्याची रीतिहि सोपी आहे; तिला पैसा थोडा आणि धीर फार लागतो. प्रथम कोरड्या मऊ कुंचल्यानें खांचांतील धूळ काढावी. सागवान असेल तर स्पिरिटानें ओलसर केलेल्या फडक्यानें पृष्ठभाग पुसून वाळूं द्यावा. मात्र आधींची लाख असेल तर ती स्पिरिटानें सुटेल, म्हणून प्रथम मागल्या अंगास एका कोपऱ्यांत परीक्षा पाहावी. कच्चें जवसतेल वाळावयास कित्येक दिवस घेतें. बाजारांत ‘बेलतेल’ म्हणून मिळणारें कढविलेलें तेल त्याहून लवकर वाळतें. पहिल्या हातास तेलांत जवळजवळ तितकेंच टर्पेन्टाइन मिसळावें, म्हणजे तें खोल शिरतें. आंखूड केंसांच्या कुंचल्यानें तें नक्षींत सर्वत्र पोंचवावें, पंधरा-वीस मिनिटें थांबावें, आणि मग न मुरलेलें सर्व तेल पुसून काढावें. ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. सपाट फळीवर थोडें तेल राहिलें तर चालतें; कोरीव कामांत तें खळग्यांत सांचतें, वर साय धरतें आणि आंत ओलें राहतें. म्हणून कोरडा कुंचला व सुती चिंधी गुंडाळलेली बारीक काडी घेऊन प्रत्येक खळगा टिपून घ्यावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. तीन हात पुष्कळ झाले.

मेण द्यावयाचें असल्यास एक भाग मधमाशीचें मेण आणि तीन-चार भाग टर्पेन्टाइन घ्यावें. मेण गरम पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत वितळवावें, भांडें विस्तवापासून दूर नेऊन मग टर्पेन्टाइन घालावें, थंड झालेलें मलम अगदीं थोडें लावावें, आणि दुसऱ्या दिवशीं कोरड्या कुंचल्यानें घासावें. उंच भाग उजळतात, खोल भाग मंद राहतात, आणि कोरणाऱ्यानें जो उठाव योजिला होता तो डोळ्यांस दिसूं लागतो. जाड रोगण सर्वत्र सारखें चकाकतें आणि हाच उठाव नाहींसा करतें.

एक सूचना गृहिणींस आणि मुलांस विशेष आहे. जवसतेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत फेंकूं नयेत. तेल वाळतांना उष्णता सोडतें, आणि चुरगळलेल्या चिंधींत ती कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊं शकते. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्या, किंवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या. वाळवीवर मात्र तेल किंवा मेण हा उपाय नव्हे. तिच्यासाठीं जमिनीशीं व ओलसर भिंतीशीं लांकडाचा संबंध तोडणें हाच पहिला बंदोबस्त.

आतां त्या गणेशपट्टीची हकीकत पुरी करतों. मिस्त्रींनीं ती दारावरून उतरविली. रोगण मऊ करणारा द्रव थोड्या थोड्या भागावर लावून, बांबूच्या काड्या आणि दांत घासावयाचा जुना ब्रश घेऊन, ते चार दिवस तिच्याशीं बसून होते. लोखंडाचें हत्यार त्यांनीं तिला एकदांहि लाविलें नाहीं. तरीहि एका पोपटाच्या चोंचीची कड पापुद्र्याबरोबर निघाली ती निघालीच, आणि काळे डाग पुरते गेले नाहींत. स्नेह्यांनीं विचारलें, “मिस्त्री, चोंच नवी बसवितां येईल का?” ते म्हणाले, “येईल मालक. पण ती माझी होईल, त्याची होणार नाही.” चोंच तशीच ठेविली.

पट्टी आतां घरांत, देवघराच्या दारावर आहे. दरसाल दिवाळीपूर्वीं घरांतील मंडळी ती उतरवून पुसतात आणि वाटीभर बेलतेलांतून थोडें तिच्यावर फिरवितात. ती पूर्वींसारखी कांचेप्रमाणें झळकत नाहीं, पण संध्याकाळीं समईच्या उजेडांत पोपटांच्या पंखांवरच्या रेघा पुनः मोजतां येतात. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी चौकट, देव्हारा किंवा खांबाचा तुकडा असेल, त्यांनीं रोगणाचा डबा उघडण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: ही वस्तु मूळची कोठें होती, आणि आपण जें लावणार तें आपल्या नातवंडांस काढतां येईल कीं नाहीं. एवढें पाहिलें तर वाडवडिलांच्या हातचें काम आणखी एका पिढीच्या हातीं सुखरूप पोंचेल.